ट्रे मोकळा पाठवायचा नाही

शिरवणे, नेरूळ
१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहीत नाही, कारण ते वाचून तू खूश होशील आणि पुढचं वाचून दुप्पट चिडशील. दिवाळीत आई कुणाकडे राहणार यावरून फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर मी ठरवलंय की तुझ्याशी कागदावरच बोलायचं. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला आवाज चढवता येत नाही. दिनानाथचा टेम्पो दर आठवड्याला वाशीच्या मार्केटात भाजी उतरवतो, कळंबोलीत सळया भरतो आणि गावाकडे फिरतो. अंड्यांच्या ट्रेत एक कागद जास्त झाला तर त्याला काही जड होणार नाही.

आई परत ॲडमिट आहे. या वर्षातली तिसरी खेप. तोच हुडहुडी भरून ताप, तीच लघवीची आग, तेच कंबरेचं दुखणं. आमच्याच हॉस्पिटलात आहे, म्हणजे मी जिथे लॅबमध्ये काम करते तिथेच. तिच्या लघवीतला जंतू मी स्वतः बशीत वाढवला. अशा बशीत आम्ही निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतो. ज्या औषधाने जंतू मरतो त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. आईच्या बशीत वर्तुळंच नव्हती. साध्या औषधांचं सोड, आयसीयूतल्या पेशंटसाठी राखून ठेवलेलं औषधही त्या जंतूने पचवलं. एकच उरलंय, जुनं, किडनीला त्रास देणारं. ते आजपासून शिरेतून सुरू केलंय. ते लागू पडेल असं डॉक्टर म्हणतात. पण या वेळी बरी होऊन हाच जंतू पुन्हा तिच्या अंगात आला, तर पुढे द्यायला काहीही नाही, हेही तेच म्हणतात.

तेव्हा हा जंतू येतो कुठून, ते शोधायलाच हवं. आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर क्रांती मॅडम. त्यांचा पहिला प्रश्न होता, घरी कोंबड्या आहेत का. औषधाला दाद न देण्याची ही जी शक्ती आहे, तिचं जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, आळीत घरोघरी विरजण फिरावं तसं. कोंबडीच्या पोटातल्या जंतूकडून माणसाच्या पोटातल्या जंतूला लागतं. ज्या कोंबड्यांना सारखं औषध पाजलं जातं, त्यांच्यात हे विरजण चांगलं धरतं.

म्हणून विचारते. तुझ्या दोन्ही शेडमधल्या कोंबड्यांच्या पाण्यात तू काय घालतोस? वजन भरावं म्हणून ती पांढरी पावडर यायची, ती अजून येते का? शेडमधली शीट आणि खाद्याची मूठ दिनानाथबरोबर पाठव. आणि खरं सांग. लहानपणी तू खोटं बोललास की पत्त्यांत जिंकायचास, पण मला कळायचं.

अंडी मिळाली. आईच्या परसातल्या कोंबड्यांची म्हणून ती दुधात कच्चंच फेटून घेते, किती सांगितलं तरी. ट्रे परत पाठवतेय. एवढ्या तापातही तिने विचारलंच, 'मोकळा न्हाई न्हवं धाडत?' नेहमी ती स्वतः भरते, कुणाला हात लावू देत नाही. या वेळी मी राजगिऱ्याचे लाडू घातलेत.

राजी

*

पिंपरवाडी, ता. कोरेगाव
२५ नोव्हेंबर २०२४

राजी,

आशीर्वाद. पत्राची सुरुवात नमस्काराने आणि शेवट पंचनाम्याने करणारी बहीण साऱ्या तालुक्यात मला एकट्यालाच आहे.

आधी आईचं. मी येणार होतो, पण शेडमध्ये पिल्लं नुकतीच उतरलीत आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या हातात देता येत नाहीत. तिला सांग, तिच्या परसातल्या कोंबड्या बऱ्या आहेत. तुझी वहिनी सत्यभामा त्यांच्यामागे जेवढी पळते तेवढी माझ्यामागे पळाली असती तर मी अंगाने भरलो असतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीच्या डॉक्टरने दिलं तरच. पावडर बंद होऊन काळ लोटला. मी स्वतःच्या हाताने देतो ती फक्त मानमोडीची लस, ती आईच्या कोंबड्यांनाही देतो, कारण मानमोडी एकदा परसात शिरली की शेडपर्यंत यायला तिला वेळ लागत नाही. बस. शीट पाठवणार नाही. माझ्या शेडचं नाव तुझ्या हॉस्पिटलच्या कागदावर लागलं आणि कंपनीच्या कानावर गेलं, तर उद्यापासून मला पिल्लं बंद.

आणि संशयच घ्यायचा तर मलाही येतो. आई इथे होती तोवर तिला फार तर साधा सर्दी-खोकला व्हायचा. गुडघ्याच्या ऑपरेशनला तुझ्याकडे आली, तुझ्या त्या चकचकीत हॉस्पिटलात महिनाभर राहिली, आणि तिथून पुढे हे सुरू झालं. हजार आजारी माणसं एका छपराखाली झोपतात तिथे जंतू नसतात, आणि माझ्या दारात मात्र असतात, हे कसं? मला तर वाटतं, आईला कायमची तिकडे ठेवून घ्यायला तुला एक कारण हवं होतं आणि ते तुला बशीत सापडलं. रागावू नकोस. वाटलं ते लिहिलं.

लाडू मिळाले. पण आईने भरलेल्या ट्रेची सर नाही. सत्यभामा लाडू काढून झाल्यावर ट्रेच्या एकेका खळग्यात बोट घालून बघत होती. काय शोधतेस विचारलं तर काही नाही म्हणाली.

तुझा दादा सयाजी

*

शिरवणे
३ डिसेंबर २०२४

दादा,

तू दिली नाहीस तरी मला मिळाली. या खेपेच्या अंड्यांपैकी काहींच्या टरफलांना शीट लागलेली होती. मी ती खरवडून लॅबमध्ये नेली आणि कुणाला न विचारता बशीत घातली. नंतर क्रांती मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं आणि मग खुर्ची ओढून स्वतःच बशीकडे बघत बसल्या. तसाच जंतू, आणि औषधांना दाद न देण्याची तऱ्हाही अगदी आईच्या जंतूची. वर्तुळं याही बशीत नव्हती.

तू म्हणतोस हॉस्पिटल. मी नाही म्हणत नाही, आमच्याकडेही असले जंतू असतात, म्हणून तर आम्ही दिवसभर हात धुतो. पण हॉस्पिटलातला जंतू पिंपरवाडीच्या अंड्यावर बसून परत इथे येत नाही. तो तिकडे कुणीतरी पोसतंय.

आणि कोण पोसतंय, त्याचाही थोडा सुगावा लागलाय. परवा ट्रे घ्यायला मी स्वतः हायवेवर एलपीच्या पुलाखाली गेले होते. दिनानाथला सहज विचारावं तसं विचारलं, की दादा कोंबड्यांना काय काय देतो रे. तो बराच वेळ स्टिअरिंग पुसत राहिला. मग म्हणाला, "दादा न्हाई काय देत. पर वैनीसायब सकाळच्याला पाण्यात कायतरी कालवत हुत्या. पांढरं. मला बगितलं आन् वाटी पदराआड केली."

दादा, वहिनीचा धाकटा भाऊ साताऱ्यात औषधाच्या दुकानात कामाला आहे ना? तो काही पुड्या आणून देतो का? तुला माहीत नसेल, मी तुझ्यावर नाही म्हणत. पण पदराआड वाटी का धरावी लागते, एवढं विचार.

आईचा ताप उतरलाय. किडनीचे आकडे मात्र चढलेत, म्हणून डॉक्टर औषध मोजून मापून देतायत. ती झोपेत कोंबड्यांना हाका मारते. मला मारत नाही.

राजी

*

पिंपरवाडी
१० डिसेंबर २०२४

राजी,

तू माझ्यावर संशय घेतलास, मी गिळला. आता माझ्या मेव्हण्यापर्यंत पोहोचलीस. तो पोरगा सर्दीची गोळीसुद्धा चिठ्ठीशिवाय देत नाही, गावातले लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात. आणि दिनानाथला मी कामाला लावलं, त्याच्या टेम्पोच्या हप्त्याला जामीन राहिलो, आणि तो पुलाखाली उभा राहून माझ्या घरातल्या वाट्या मोजतो.

तरी विचारलं. तुझं पत्र हातात धरून विचारलं. तुझी वहिनी आधी रडली, मग एवढंच बोलली, "आत्यांनी सांगितलंय त्येच देते. त्यांचंच औषध हाय." आत्या म्हणजे तिची सासू, आपली आई. पदराआड का धरलीस विचारलं तर म्हणाली, आत्यांनी तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं, तुम्ही हसाल म्हणून. आता आईचं औषध म्हणजे काय असणार? तुरटी. जन्मभर ती पाण्यात तुरटी फिरवत आली. पांढरी असते, कालवावी लागते. झालं तुझ्या तपासाचं समाधान?

मला एवढा राग आलाय की कंपनीची भीती गेली. सोबत बरण्या पाठवतोय. दोन्ही शेडची शीट, खाद्य, आणि आईच्या परसातल्या खुराड्यातलीही. झाकणावर काय ते लिहिलंय. तपास. माझ्या शेडमध्ये निघालं तर मी शेडला कुलूप घालीन. नाही निघालं तर तू तुझ्या वहिनीची माफी मागायची, आणि ती पत्रात नाही, फोनवर. तिने ऐकलं पाहिजे.

आईचे आकडे काय झाले ते कळव. मी चिडलो म्हणून ते लिहायचं टाळू नकोस.

दादा

*

शिरवणे
२२ डिसेंबर २०२४

दादा,

वहिनीला काल फोन केला. माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला. मला तेवढंच मिळायला हवं होतं.

तुझ्या शेड सुटल्या. साध्या औषधांना दाद न देणारे जंतू तिथे आहेत, ते मॅडम म्हणतात आता बहुतेक शेडमध्ये सापडतात आणि ते काही चांगलं लक्षण नाही. पण आईवाला जंतू नाही. खाद्यही स्वच्छ. तो निघाला फक्त एका बरणीत, आईच्या खुराड्याच्या.

आता मला अजिबात झोप लागत नाही, कारण हे आधीपेक्षा वाईट आहे. तुरटीने असं होत नाही. मॅडमनी त्या जंतूची सगळी कुंडली काढली. तो ज्या औषधांना पुरून उरतो ती कोंबड्यांची औषधंच नव्हेत. महागडी, माणसांची, शहरातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि एकाच नाही तर चार जातींची. परसातल्या मूठभर गावठी कोंबड्यांना एवढी औषधं कोण पाजणार? मॅडम म्हणाल्या, "राजलक्ष्मी, हे खुराडं बघून मला आपला वॉर्ड आठवतो."

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहिते. कळंबोलीत ट्रकच्या अड्ड्यावर औषधांच्या गाड्याही उभ्या असतात. मुदत संपलेला माल तिथून कुठे कुठे जातो असं मी ऐकलंय. दिनानाथ तिथे दिवसभर असतो. मी तुझ्याबद्दल विचारलं होतं, वहिनीच्या वाटीची चुगली त्याने आपणहून केली. जो आपणहून दुसऱ्याकडे बोट दाखवतो त्याच्या हातात काय आहे ते आधी बघावं. पुढच्या खेपेला तो गावात शिरायच्या आत गाडी अडव आणि सीटखालचं, टपावरचं सगळं उघड.

आई घरी आलीय. खंगली आहे, पण चालते. किडनी हळूहळू सावरेल असं म्हणतात. रोज एकच विचारते, मला घरी कधी धाडतेस. मी म्हणते, जंतू कुठून आला ते कळल्याशिवाय नाही. ती म्हणते, माझ्या कोंबड्या माझ्याशिवाय अंड्यावर बसत नाहीत. माझ्या चौकीदारीचा तिला एवढा कंटाळा आलाय की या खेपेचा ट्रे भरताना तिने मला नेहमीसारखं खोलीबाहेर काढलं आणि आतून कडीही लावली. चकल्या आहेत, वासावरून कळलं.

राजी

*

पिंपरवाडी
२९ डिसेंबर २०२४

राजी,

तू सांगितलंस तसं केलं. गाडी फाट्यावर अडवली. दिनानाथला खाली उतरवून सीट उचलली, टप उचकला, त्याच्या जेवणाच्या डब्याचंही झाकण काढलं. तो रस्त्याकडेला उकिडवा बसून राहिला. काही सापडलं नाही. शेवटी त्याने स्वतःच आईचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्यो बी बगा की. ह्यो काय माज्या घरचा न्हाई." रागाने बोलला होता. त्याला नुसतं मला लाजवायचं होतं.

वर चकल्या होत्या. चकल्यांखाली कागद. कागदाखाली, जिथे अंडी बसतात त्या खळग्यांत, गोळ्यांची पाकिटं दुमडून बसवलेली. कुठलं निम्मं वापरलेलं, कुठल्यात दोनच गोळ्या उरलेल्या. मधल्या भागात आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली एक पुरचुंडी. गाठ मी लगेच ओळखली. बियाणं बांधायची तिची गाठ, तशी दुसऱ्या कुणाला येत नाही.

घरी येऊन सत्यभामेसमोर ठेवली. मग ती बोलली. आई गेली दोन वर्षं, तुझ्याकडे असली की, तुमच्या सोसायटीत दारोदार फिरून लोकांची उरलेली औषधं गोळा करते. कुणाचा ताप उतरला, कुणाची खोकल्याची बाटली निम्मी राहिली, की लोक म्हणतात, मावशींना द्या, त्यांच्या गावी लागतात. दाराशी मासळी घेऊन येणारी ती दिवाळे गावची रखमाबाई, तीही कोळीवाड्यातून आणून देते. लोकांना वाटतं गावातल्या गरिबांना जातं. जातं ते आईच्या कोंबड्यांना. वरवंट्याने कुटायचं आणि पाण्यात कालवायचं, रोज चिमूटभर. आई पहिल्यांदा तुझ्याकडे आली त्याच्या आदल्या साली मानमोडीने तिच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या ना. तेव्हा मी वरच्या गावाहून नवीन आणून दिल्या. या गोळ्या सुरू केल्यापासून तिची एकही कोंबडी मेली नाही, म्हणून तिचा विश्वास बसला.

राजी, मानमोडीला गोळी लागतच नाही. तिला लस लागते. नव्या कोंबड्यांना वेळच्या वेळी मी लस दिली, म्हणून त्या जगल्या. मी तिला ते कधी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. आणि सत्यभामेने मला गोळ्यांचं सांगितलं नाही, कारण मीही विचारलं नाही. एका घरात राहतो आम्ही.

आणखी एक लक्षात आलं. आपल्या न्हाणीचं पाणी बाहेर पडतं ते थेट खुराड्यामागच्या डबक्यात. आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मध्ये इथे राहायला आली, तेव्हा लघवी-संडास सगळं न्हाणीतच व्हायचं तिचं. कोंबड्या दिवसभर त्या डबक्यात चोच मारतात. तुझ्या मॅडमना सांग, त्यांना उपयोगी पडेल.

दिनानाथची मी माफी मागितली. तूही मागायची आहेस. त्याने वाटी बघितली ते खरं बोलला होता, बाकी सगळं आपलं आपण रचलं.

मला वाटलं होतं तू खोटी ठरलीस की मला बरं वाटेल. नाही वाटलं. पुरचुंडीत एका बाटलीवर तुझ्या पोराचं, तेजसचं नाव आहे. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळातून गेलेली. ते मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

या खेपेला अंडी पाठवत नाही. ट्रे पाठवतोय, त्यात गोळ्या जशा होत्या तशा. आईला तूच विचार. माझ्याने होणार नाही.

दादा

*

शिरवणे
६ जानेवारी २०२५

दादा,

विचारलं.

मी दिवसभर हिय्या केला आणि संध्याकाळी ट्रे तिच्यासमोर पलंगावर ठेवला. तिने झाकणाचा कागद उचलला, चिंधीची गाठ बघितली आणि आधी मलाच म्हणाली, "का गं, पोचलं न्हाई व्हय?" दादा, तिला वाटलं दिनानाथ द्यायला विसरला.

मग मी सांगायला लागले. जंतू, जनुक, औषध थोडं थोडं दिलं की कमजोर जंतू मरतात आणि मुरलेले तेवढे उरतात, ते अंड्यावरून, हातावरून, तिच्या त्या दुधात फेटलेल्या कच्च्या अंड्यातून परत तिच्या पोटात. तिने मध्ये मध्ये मान हलवली. तिला राग नाही आला. तिला खरंच कळेना की यात वाईट काय. "दुसऱ्याचं दुखणं घालीवलेलं औषध हाय ते. ते उकिरड्यावर टाकायचं? आन् तुमी तिकडनं अंडी धाडायची आन् म्या ट्रे मोकळा धाडायचा? कसं दिसंल ते?" मी म्हटलं, आई, लाडू घातले असते, चकल्या घातल्या असत्या. ती म्हणाली, "ते तुमाला झालं. माज्या कोंबड्यांनी अंडी दिली, त्यांला काय?"

 मी लॅबमध्ये काम करते, सगळ्या जगावर संशय घेतला, वहिनीवर, तिच्या भावावर, दिनानाथवर, कळंबोलीवर. एकदाही मी स्वतःच्या घरातल्या बंद खोलीवर घेतला नाही, कडीचा आवाज माझ्या कानांनी ऐकूनसुद्धा. तेजसच्या बाटलीबद्दल तू लिहिलंस ते लागलं, लागायलाच हवं होतं.

सगळ्यात शेवटी तिने जे विचारलं ते तुला जसंच्या तसं सांगते. चिंधीची गाठ तिने पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "मंग त्यांनी मला दिलं का म्या त्यांला दिलं?"

हे मी क्रांती मॅडमनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ठामपणे सांगता येणार नाही. बहुधा हॉस्पिटलातून आईच्या पोटात आलं असेल, आईकडून न्हाणीच्या पाण्यातून कोंबड्यांत, मग गोळ्यांनी ते तिथे पोसलं गेलं आणि अंड्यांबरोबर परत आईकडे. पण सुरुवात कुठे झाली याची खूण उरत नाही. तू म्हणाला होतास हॉस्पिटल, मी म्हणाले होते खुराडं, आणि दोघांचं अर्धं अर्धं खरं निघालं. मी आईला म्हटलं, दोघांनी एकमेकांना दिलं. तिने पदर डोळ्यांना लावला. कोंबड्यांसाठी रडली, दादा. स्वतःच्या किडनीसाठी तिला मी अजून रडताना पाहिलं नाही.

काल तिची बशी पुन्हा लावली. लघवीत जंतू नाही. पण पोटात तो कितीतरी महिने दडून राहू शकतो, म्हणून मॅडमच्या अटी आहेत. ती घरी जाऊ शकते, मात्र त्या कोंबड्या गेल्या पाहिजेत, न्हाणीचं पाणी झाकलेल्या खड्ड्यात सोडलं पाहिजे, परसात चुना पडला पाहिजे, आणि निदान वर्षभर नवीन कोंबडी दारात येता कामा नये. हे तिला सांगायला मी शब्द जुळवत होते, तोवर तीच म्हणाली, "सयाजीला सांग, त्याच्या हातानं कर म्हणावं. दुसऱ्याकडं देऊ नगं. आन् खाऊ नगा, कुणाला खाऊ बी देऊ नगा."

गोळ्या मी हॉस्पिटलात नेऊन नष्ट करायला दिल्या. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की मावशींना आता औषधं देऊ नका. लगेच तिघींनी विचारलं, मग उरलेली कुणाला द्यायची.

ट्रे परत पाठवतेय. आईनेच बांधला. माझ्यासमोर, दार उघडं ठेवून. काही घातलेलं नाही.

राजी

*

पिंपरवाडी
२१ जानेवारी २०२५

राजी,

झालं सगळं. सरकारी जनावरांच्या डॉक्टरला विचारून केलं, त्याने दाखवलं तसं. माझ्या हाताने केलं. आईची ती पांढरी, एका डोळ्याची, तिला धरायला मला परसभर पळावं लागलं आणि सत्यभामा घरात दार लावून बसली. खोल खड्डा घेतला, चुना टाकला. न्हाणीला झाकलेला खड्डा खणला. खुराडं जाळलं. शेडच्या डॉक्टरलाही मी आता विचारायला लागलोय, हे काय देतोस, ते का देतोस. तो वैतागतो. वैतागू दे.

आता ट्रेचं. ट्रे मोकळा आहे असं तू लिहिलं होतंस, तरी मी उघडून बघितला. तुझ्यावर नाही, तिच्यावर संशय होता. म्हटलं ही बाई काहीतरी कोंबल्याशिवाय राहायची नाही. एकेका खळग्यात बोट घातलं, सत्यभामेसारखं. सगळे खळगे मोकळे. पुसून कोरडे केलेले. जन्मात पहिल्यांदा आईने माझ्याकडे काही पाठवलं नाही. मी ट्रे मांडीवर घेऊन अंगणात बसलो आणि मला रडू आलं. सत्यभामेने बघितलं, ती आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली.

आई कुणाकडे राहणार यावर मला आता भांडायचं नाही. तुला वाटलं ती तिकडेच बरी, तर तसं कळव, मी पुढचा शब्द बोलणार नाही. पण परस साफ आहे, पाणी झाकलेलं आहे, आणि घर मोकळं आहे. ते बघवत नाही.

दिनानाथ शनिवारी कळंबोलीत सळया भरून निघेल. त्याला सांगितलंय, या खेपेला शेजारच्या सीटवर गादी घाल आणि येताना मोकळा येऊ नकोस. तो हसला. म्हणजे त्याने आपल्याला माफ केलं असावं.

तिचं बोचकं मात्र तू स्वतः बांध. ते इथे उतरलं की मी परत सोडून बघणार आहे.

दादा